सहा महिने की दहा हजार

घरचं झालं थोडं नि व्याह्याने धाडलं घोडं, तशीच ती गाडी उंबरकोंडात आली. मुंबईकर मंडळाने वर्गणी काढून घेतलेली, आठ माणसं बसतील एवढी, पांढरीशुभ्र. काचेवर नवलाई देवीचं नाव आणि त्याच्या दुप्पट अक्षरांत मंडळाचं. आजाऱ्याला रत्नागिरीला न्यायची सोय झाली म्हणून गावाने नारळ फोडला, पेढे वाटले, भाषणं झाली. मग कुणाच्या तरी लक्षात आलं, की चालवणार कोण? चालवण्याजोगे पुरुष सगळे मुंबईत. गावात उरलेल्यांपैकी निम्म्यांना धड दिसत नव्हतं आणि बाकीचे निम्मे दिवस मावळल्यावर कामाचे नव्हते.

तेव्हा निशिगंधा पुढे आली. पुढे आली म्हणजे काय, बायकांनी तिला पुढे ढकलली. पंचायत समितीने बायकांसाठी भरवलेल्या ड्रायव्हिंगच्या वर्गाला ती मैत्रिणीच्या सोबतीने म्हणून गेली होती. मैत्रीण आठ दिवसांत कंटाळली आणि ही लायसन घेऊन घरी आली. बाईमाणूस गाडी चालवणार म्हणून आधी गावाने नाकं मुरडली. पहिल्या दोन महिन्यांत तिने तीन बाळंतिणी, एक सर्पदंश आणि खुद्द रघूआप्पांचा मुतखडा वेळेवर सिव्हिलला पोचवला, तेव्हा नाकं सरळ झाली. रघूआप्पा म्हणजे गावकर, देवळातला पहिला मान त्यांचा, आणि नात्याने निशिगंधाचे चुलतसासरे. त्यांनी भर सभेत सांगितलं, "आमची सून हाय म्हणून बोलत नाय, पण हात चांगला हाय तिचा."

हे वाक्य निशिगंधाने मनात जपून ठेवलं होतं. अडतीस वर्षांत तिला पहिल्यांदा कुणीतरी कामावरून ओळखत होतं. तोवर ती मुंबईतल्या छापखान्यात काम करणाऱ्या स्वरूपची बायको होती, नाहीतर कुणाची तरी सून. आता हातखंब्याच्या तिठ्यावर रिक्षावाले तिच्या गाडीला जागा करून देत आणि म्हणत, उंबरकोंडची बाई आली. तिला हेही पक्कं ठाऊक होतं, की पुरुषाच्या हातून गाडी धडकली तर लोक रस्त्याला शिव्या देतात, आणि बाईच्या हातून धडकली तर बाईला. एकदा का तिच्या हातून चावी गेली, की ती परत मिळायची नव्हती. म्हणून ती त्या गाडीला पोटच्या पोरीसारखी जपायची.

आणि जपायला लागायचंच. उंबरकोंड आहे खाली नदीकाठी. वरच्या सड्यावरून, म्हणजे कातळाच्या माळावरून, गावात उतरायला चार किलोमीटरची घाटी, तिला अकरा वळणं. एका अंगाला कापलेला कातळ, दुसऱ्या अंगाला सरळ नदीपर्यंत मोकळी हवा. उतरताना गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकायची, तरी पाय ब्रेकवरून उचलायची सोय नाही. फेऱ्या म्हणाव्या तर लहान लहान. कुणाला हातखंब्याच्या डॉक्टरकडे, कुणाला रत्नागिरीला. इंजिन धड तापतही नाही तोवर बंद. मे महिन्यात तांबडी धूळ, पावसात साकवावरून वाहणारं पाणी, आणि बारा महिने ती खारी दमट हवा, जी आपल्याकडे दाराच्या कड्यांनासुद्धा सोडत नाही.

हातखंब्याला हुसेनभाईंचं गॅरेज होतं. हुसेनभाई साठीचे, तरुणपणी पंधरा वर्षं मस्कतला ट्रकच्या वर्कशॉपात घालवलेले, बोलायला कमी. निशिगंधा टायरमध्ये हवा भरायला थांबली, की ते बोनेट उघडायला लावायचे. त्या वर्षीच्या एप्रिलमध्ये त्यांनी ब्रेक ऑइलच्या डबीचं झाकण काढलं, आत बघितलं आणि विचारलं, "ताई, सर्व्हिसिंग कधी केलंत?"

"मागच्या वर्षीच्या शिमग्याआधी."

"म्हणजे वर्ष उलटून गेलं."

"पण आठ हजारच चाललीये, हुसेनभाई. बुकात दहा हजार लिहिलंय ना?"

हुसेनभाईंनी गाडीतलं बुक मागितलं. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत होतं, दहा हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी येईल ते. मग त्यांनी चष्मा लावून मागची पानं उलटली आणि बारीक अक्षरांतल्या चार ओळींवर बोट ठेवलं. डोंगरातले चढउतार, धूळ, छोट्या फेऱ्या, दमट हवा, असं असेल तर सगळं निम्म्यावर आणा. "ही तुमचीच घाटी लिहिलीये इथे," ते म्हणाले. "तुमच्या गाडीला सहा महिने. किलोमीटर बघूच नका. आणि ब्रेकचं ऑइल हवेतलं पाणी पितं. लांब उतारावर ते पाणी उकळलं, की पाय खाली जातो आणि गाडी थांबत नाही. ऑइल काळं पडलंय. पावसाच्या आधी बदलायला पायजे."

"आत्ता बदला ना मग."

"बदलतो. तुमच्या मंडळाची चिठ्ठी आणा."

आता हा मंडळाचा नियम ऐका. गाडीवर कसलाही खर्च करायचा, तर एक सही रघूआप्पांची आणि एक मुंबईच्या सेक्रेटरीची. सेक्रेटरी म्हणजे गुरुप्रसाद, आप्पांचाच पुतण्या. वर्षातून तीनदा गावाला यायचा: शिमग्याला, आंब्याला आणि गणपतीला. गाडीची धुलाई-पुसाईही त्याच हिशोबाने व्हायची, मुंबईकर यायच्या आठ दिवस आधी. स्टेशनवर उतरलं की आपली गाडी चकाचक उभी दिसली पाहिजे, एवढंच त्यातलं शास्त्र. बाकीच्या वेळी ज्यांना तिच्यात बसायचं असे, ते आजारी असत, आणि आजाऱ्याला कोण विचारतो.

मे महिन्यात मुंबईकर आले आणि देवळाच्या सभामंडपात सभा बसली. निशिगंधा खांबापाशी उभी राहिली, बुक हातात घेऊन. आपलं बोलणं तिने रात्रभर मनात घोळवलं होतं. ती म्हणाली, गाडीला दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग पाहिजे आणि ब्रेकचं ऑइल दर पावसाळ्याआधी. बुकातल्या त्या चार ओळीही तिने मराठीत सांगितल्या.

गुरुप्रसादने मांडीवर मांडी टाकली. "वहिनी, कंपनी काय येडी हाय? दहा हजार म्हणजे दहा हजार. अजून दोन हजार बाकी हायत."

"पुढे वर्षाचंही लिहिलंय, भावोजी."

"वर्ष कुणासाठी? ज्याची गाडी रोज फिरते त्याच्यासाठी. आपली अर्धा वेळ उभीच असते. उभ्या गाडीला काय होतंय?"

निशिगंधाच्या जिभेवर आलं आणि तिने गिळलं नाही. गुरुप्रसाद मुंबईत लिफ्टच्या देखभालीच्या कंपनीत सुपरवायझर होता. "भावोजी, तुम्ही लिफ्ट किती दिवसांनी तपासता?"

"दर महिन्याला."

"मग उभ्या लिफ्टला काय होतंय?"

मागे बसलेल्या बायकांत खसखस पिकली. पदराआडची का होईना, पण पिकली, आणि तिथेच निशिगंधाचं काम बिघडलं. चारचौघांत बाईने तोंड बंद केलेला पुरुष फार वाईट. गुरुप्रसाद लाल झाला आणि म्हणाला, "लिफ्टचा कायदा वेगळा. आणि हे सहा महिन्यांचं खूळ त्या हुसेनने डोक्यात भरवलंय. गाडी जितक्या वेळा त्याच्याकडे जाईल, तितकी त्याची चांदी. वहिनींचं आणि त्याचं काय ठरलंय, ते मला म्हायत नाय."

निशिगंधाला वाटलं होतं, आप्पा तरी काही बोलतील. आपल्या घरची सून, भर देवळात तिच्यावर असलं बोट उठतंय. आप्पा उपरण्याने वारा घेत राहिले. एका बाजूला पुतण्या आणि त्याच्या पाठीमागे मुंबईची वर्गणी, दुसऱ्या बाजूला सून आणि तिच्या हातातलं बुक. आप्पांनी तोंड उघडलं ते असं, "वाद कशाला? देवीलाच विचारूया."

कौल लावायचं ठरलं. उंबरकोंडात लग्नाची सोयरीक, विहिरीची जागा, पेरणीचा दिवस, सगळं कौलाने ठरत आलेलं. त्यात वाईट काही नाही. माणसाचं मन दोन्हीकडे ओढलं जातं तेव्हा देवीच्या पायाशी जाऊन बसावं, म्हणजे मन थाऱ्यावर येतं. पण ब्रेकच्या ऑइलमध्ये पाणी आहे की नाही, हे बोनेट उघडून बघायचं असतं. ते देवीला विचारायचं, ही अक्कल फक्त आमच्याच गावाला सुचू शकते.

गुरवाने दोन कळ्या पाण्यात भिजवून देवीच्या दोन्ही खांद्यांना लावल्या. आप्पांनी गाऱ्हाणं घातलं. "बा आई नवलाई, बारा वाड्यांची राखणदारीण तू. तुझ्या नावाची गाडी तुझ्या लेकरांसाठी धावते. ती गणपतीपर्यंत सुखरूप चालायची असंल, आणि आमच्या सुनेच्या मनातलं भ्या उगाचचं असंल, तर उजवी दे." पुरुषांनी होकार भरला. बायका गाभाऱ्यात जात नसत. निशिगंधा बाहेरून बघत होती. तिच्या लगेच ध्यानात आलं, की आप्पांनी एका कळीला दोन प्रश्न बांधलेत. पण गाऱ्हाणं मध्येच तोडून बोलायची रीत नाही, आणि बाईने तर नाहीच.

दोन-तीन मिनिटांत उजवी कळी पडली.

आणि इथे निशिगंधाची चूक झाली. पुढे आयुष्यभर ती स्वतःला ह्यासाठी शिव्या देणार होती. तिने हात जोडले. ती काही आधुनिक वगैरे नव्हती. लेक वेदिका तापाने फणफणली होती तेव्हा ह्याच देवीने तिला तारलं, असं ती मानायची. गुरुप्रसादशी भांडायला तिच्याकडे बुक होतं, देवीशी भांडायला काय असणार? तिने मनाला समजावलं, की आईने शब्द दिलाय तर आई सांभाळेल. घरी येऊन तिने स्वरूपला फोन लावला, तर तो म्हणाला, "आता गप बस. मंडळात माझं नाव आहे. तुझ्यामुळे गुरुप्रसाद माझ्याशी बोलत नाहीये."

चार दिवसांनी तिने हुसेनभाईंना सगळं सांगितलं. ते फडक्याने हात पुसत ऐकत राहिले. "तुमच्या देवीला मी काय बोलणार, ताई," ते म्हणाले. "पण ऑइल देवीचं नाही, दुकानातलं आहे. चिठ्ठी राहू दे. मी बदलतो, कुणाला सांगायचं नाही."

"नको," निशिगंधा म्हणाली. गुरुप्रसादचं ते ठरलंय-बिरलंय तिच्या कानात अजून गरम होतं. गुपचूप ऑइल बदललं आणि कळलं, तर ते बोलणं खरं ठरणार. वर कौल मोडला म्हणून गाव तोंडात शेण घालणार. तिने मान घालून गाडी चालू केली. खरं सांगायचं तर तिने त्या दिवशी आपली अब्रू वाचवली आणि गाडी घाटीच्या भरवशावर सोडली.

जुलैत पाऊस नुसता कोसळत होता. सोनूकाकीचं, म्हणजे आप्पांच्या बायकोचं, डाव्या डोळ्याचं मोतीबिंदूचं ऑपरेशन रत्नागिरीला झालं. उजवा डोळा तिचा लहानपणीच देवीच्या रोगाच्या साथीत गेलेला, तेव्हा जे काय ते ह्या डाव्यावरच. तिसऱ्या दिवशी डॉक्टरांनी घरी सोडलं. आप्पांना संधिवात, म्हणून निशिगंधा एकटीच आणायला गेली. सोनूकाकी पुढच्या सीटवर बसली, डोळ्यावर प्लास्टिकची जाळी, मांडीवर औषधांची पिशवी. हातखंबा सोडताना ती म्हणाली, "गो निशी, झाडाची पानं वेगळी वेगळी दिसतायत मला. आधी नुसता हिरवा लगदा दिसायचा."

"घरी जाऊन आप्पांचं तोंड बघा आता नीट."

"ते बघायला कशाला ऑपरेशन पायजे होतं," सोनूकाकी म्हणाली, आणि दोघी हसल्या.

घाटी सुरू झाली. समोरून दगडाचा डंपर चढत होता, म्हणून निशिगंधाला पहिल्या तीन वळणांवर ब्रेक जास्त धरावा लागला. चौथ्या वळणाला पेडल मऊ लागलं. तिने पाय उचलून पुन्हा दाबला. पाचव्याला पाय सरळ तळाला गेला आणि गाडी तशीच पळत राहिली.

"काकी, डोकं खाली घाला," ती म्हणाली. एवढंच. ओरडली नाही. पाय तीन-चारदा खालीवर मारून बघितला, काही नाही. गिअर पहिल्यात कोंबला तशी गाडी कण्हली, जरा दबली. हॅन्डब्रेक एकेक दात करत ओढला. एकदम ओढला असता तर ओल्या रस्त्यावर गाडी गरकन फिरून नदीकडे गेली असती. सहावं वळण कसंबसं काढलं. सातवं ह्या वेगाला निघणार नव्हतं, हे तिला दिसत होतं. मग तिने ठरवून गाडी डोंगराच्या अंगाला घेतली, गटारात दोन चाकं घातली आणि कातळाला घासत घासत नेली. वीसेक पावलांवर गाडी थांबली. डावी बाजू अख्खी सोलली होती आणि सोनूकाकीचं कपाळ समोरच्या फळीवर आपटलं होतं.

निशिगंधाच्या अंगावर ओरखडाही नव्हता. तेही नंतर तिच्या विरुद्ध मोजलं गेलं.

सोनूकाकीला आधी रत्नागिरी, मग कोल्हापूरला नेलं. दुसरं ऑपरेशन झालं, पण डोळ्याच्या आत रक्त उतरलं होतं. पानं पुन्हा हिरवा लगदा झाली, आणि महिन्याभरात तोही गेला. आता तिला उजेड आणि काळोख एवढंच कळत होतं.

निशिगंधा तिला बघायला गेली तेव्हा ती ओटीवर बसून चाचपत लसूण सोलत होती. पावलांवरून तिने ओळखलं. जवळ बसवून घेतलं, हात धरला.

"काकी, मी ऑइल बदलून घ्यायला पायजे होतं. हुसेनभाई फुकट बदलत होते. मी नको म्हटलं."

"तू गाडी डोंगराला लावलीस म्हणून मी हितं बसलंय," सोनूकाकी म्हणाली. "नायतर दोघींना नदीतून काढली असती. मला म्हायत हाय. पेडल मारताना तुझा पाय मी बघत होते. तेवढंच शेवटचं नीट बघितलं."

"हे सभेत सांगाल? आप्पांना सांगाल?"

सोनूकाकीने हात सोडला आणि लसणीची कुडी पुन्हा चाचपून घेतली. "बाय गो, ह्यांच्या तोंडासमोर मी चाळीस वर्षांत बोलले नाय. आता तर भाताचा घास पण हे देतील तेव्हा. मी कशी बोलू?"

निशिगंधाला राग आला, आणि त्या रागाची लाजही वाटली. आंधळ्या म्हातारीकडून तिने काय मागायचं? डोळस माणसं गावात काय कमी होती? घरी येऊन ती चुलीपुढे बसून रडली आणि भात करपला.

गणपतीला मुंबईकर आले. विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी त्याच सभामंडपात सभा बसली. गाडी दुरुस्त होऊन बाहेर उभी होती, नवीन रंगाची, नवीन ब्रेकची. हुसेनभाईंनी कागदावर लिहून दिलं होतं: ब्रेक ऑइलमध्ये पाणी, पुढचे ब्रेक झिजून लोखंडाला लागलेले, सर्व्हिसिंगची वेळ कधीच टळून गेलेली. खाली सही आणि गॅरेजचा शिक्का. निशिगंधाने तो कागद आप्पांच्या हातात दिला. आप्पांनी न वाचता गुरुप्रसादकडे दिला. गुरुप्रसादने अर्धा वाचून घडी केली.

"तो तिच्याच बाजूने लिहिणार," तो म्हणाला. "मुद्दा वेगळा हाय. देवीने उजवा कौल दिला होता. गाडी सुखरूप चालणार होती. मग चालली का नाय?"

प्रश्नच असा होता, की त्याचं एकच उत्तर निघावं.

"कौल खोटा नाय होत," मागून एक म्हातारा बोलला.

"तेच म्हणतोय मी. कौल खोटा नाय. मग खोट कुठे? चालवणाऱ्यात." गुरुप्रसादने आवाज मऊ केला. "वहिनींना दोष देत नाय. बाईमाणसाचं मन घाबरट असतं. आधीपासून मनात भीती धरलेली. घाबरून ब्रेक जास्त दाबला, नायतर काय. शिवाय देवीच्या नावाची गाडी. बायकांच्या अडचणीचे दिवस असतात, ते पाळलेले का नाय, कोण विचारणार?"

चोर सोडून संन्याशाला फाशी, ही म्हण निशिगंधा शाळेत शिकली होती. तेव्हा तिला त्या संन्याशाचं हसू यायचं.

"पेडल तळाला गेलं, भावोजी," ती म्हणाली. तिचा आवाज कापत होता आणि तो कापतोय ह्याचाच तिला सगळ्यात जास्त संताप येत होता. "ऑइल उकळलं. त्यात माझं मन कुठून आलं? मेमध्ये मी इथेच उभी राहून सांगितलं, सहा महिने. तुम्ही दहा हजार म्हणालात. देवी चुकली नाही. गाडीचं तिला विचारायचंच नव्हतं. गाडीचं मला विचारायचं होतं."

"निशिगंधा." आप्पांनी पहिल्यांदा तोंड उघडलं. "देवळात हायस. जपून बोल."

तिने आप्पांकडे बघितलं. ज्या माणसाच्या मुतखड्यापायी तिने भर पावसात ह्या घाटीतून गाडी वर काढली होती, तो माणूस तिच्या डोक्यावरून पलीकडे भिंतीकडे बघत होता. त्याच्या घरी त्याची बायको आंधळी होऊन बसली होती. कुणाला तरी दोष दिल्याशिवाय त्याला घास गिळणार नव्हता, आणि स्वतःला द्यायचा तर गाऱ्हाणं त्यानेच घातलेलं. हे सगळं निशिगंधाला त्या क्षणी लख्ख कळलं. कळलं म्हणून काही बरं वाटलं नाही.

पुढचं सगळं आधीच ठरलेलं होतं. गुरुप्रसादचा धाकटा भाऊ दर्शन मुंबईत चार वर्षं टॅक्सी चालवून कंटाळून परत आला होता. गाडी त्याच्याकडे द्यायची. निशिगंधाने चावी रोज खिळ्याला लावायची तशी आप्पांच्या पुढ्यातल्या पाटावर ठेवली. ती निघणार होती, पण निघाली नाही. खांबाला टेकून ती तिथेच उभी राहिली.

दर्शन उठला. पोरगा वाईट नव्हता, खरंच नव्हता. निशिगंधाकडे बघायची त्याला हिंमत होत नव्हती. चावी न उचलताच तो म्हणाला, "मी चालवीन. पण एक सांगतो. मी गाडी बघितली. ह्या घाटीला दहा हजार-बिजार चालायचं नाय. दर सहा महिन्यांनी सर्व्हिसिंग पायजे, आणि ब्रेकचं ऑइल दर पावसाआधी. नायतर मी हात लावणार नाय."

सभेत जरा कुजबुज झाली. निशिगंधाचे कान गरम झाले. तिला वाटलं, आता तरी कुणीतरी म्हणेल, की हेच तर ती सांगत होती. एक माणूस तरी.

गुरुप्रसादने मान डोलावली. "बरोबर बोलतोय तो. शेवटी डायवर माणूस हाय, त्याला कळतं. खर्च काय, मंडळ करील. जिवापेक्षा पैसा मोठा नाय."

"बुकात पण तसंच हाय म्हणे," म्हातारा म्हणाला.

देवीला विचारूया, असं ह्या वेळी कुणी म्हणालं नाही. गुरव गाभाऱ्याच्या उंबऱ्यावर बसून डुलक्या घेत होता, त्याला कुणी उठवलं नाही. बैल गेला नि झोपा केला; पण केला तो एवढ्या झटपट केला, की बघत राहावं. गुरुप्रसादने ठरावाची वही काढली आणि लिहिता लिहिता मोठ्याने वाचलं, "दर्शन यांच्या सूचनेवरून गाडीचे सर्व्हिसिंग दर सहा महिन्यांनी करण्यात यावे. मंजूर असेल त्यांनी हात वर करावा."

हात वर झाले. पुरुषांचे, मग मागच्या बायकांचेही. मेमध्ये पदराआड हसलेल्या त्याच बायका. त्यांतल्या दोघी-तिघींनी निशिगंधाकडे बघितलं आणि डोळे खाली घातले. बाहेर गाडी उभी होती. उद्या तिच्यात कुणीतरी बाळंतीण बसणार होती, परवा कुणीतरी म्हातारं, आणि पाच-सहा महिन्यांनी वेदिकाला बोर्डाच्या परीक्षेला ह्याच घाटीने जायचं होतं.

निशिगंधाने हात वर केला.

आप्पांनी सगळ्यांवरून नजर फिरवली. तिच्या हातापाशी ती थोडी अडली, मग पुढे गेली.

"लिही," ते गुरुप्रसादला म्हणाले, "एकमताने."